सगळे पॉइंट उजेडाला

...त्या एवढ्याशा चिठ्ठीचा डावा कोपरा उचलला गेला होता. बोटाच्या घामानं असेल, किंवा डिंकच जुना झाला असेल. की-बोर्डवरच्या एका बटणावर चिकटवलेली नखाएवढी चिठ्ठी, आणि तिच्यावर काळ्या शाईत 'उजेड'. अक्षरं तीन मिलिमीटर उंचीची, शिरोरेघ इतकी सरळ की पट्टीनं ओढलीय असं वाटावं; पण बाबा पट्टी वापरत नसत, कधीच वापरत नव्हते. ती अंगठ्यानं कोपरा दाबून धरत उभी होती. दाबला की बसायचा, सोडला की पुन्हा वर. बाकीच्या बटणांवरही चिठ्ठ्या होत्या — 'पुढे', 'मागे', 'थांबा', 'बोला' — त्यांचे कोपरे शाबूत होते. झिजली होती ती एकच.

"राहू दे गं, नवी लिहीन," बाबा दारातून म्हणाले. "आज नाहीतरी सुट्टीच आहे आपल्याला."

"हो," ती म्हणाली.

"किती वेळ चालणार म्हणे खेळाची दुरुस्ती?"

"सकाळी आठ ते रात्री दहा असं लिहिलंय."

"चौदा तास!" बाबांनी भुवया वर केल्या. "म्हणजे मोठंच काम काढलंय. पाइप-बिइप फुटला असेल भुयारात."

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते, आणि बाबांच्या विनोदावर न हसणं हे आज तरी संशय येण्यासारखं झालं असतं — हा दुसरा विचार मनात आला आणि हसू अर्ध्यातच आंबलं. आठ ते दहा. कुणी विचारलं नसताना आकडे कशाला दिले? पण तिचं खोटंही तिच्यासारखंच होतं, मोजून-मापून, दोन्ही टोकं व्यवस्थित शिवलेलं. नुसतं 'आज खेळ बंद आहे' एवढ्यावर भागलं असतं. बाबा तिच्यावर एवढा विश्वास ठेवत, की त्यांना फसवायला एवढी कारागिरी लागतच नव्हती.

"आणि मला जरा लॅबमध्ये जायचंय," ती म्हणाली. "काम साठलंय. साडेसहापर्यंत येते."

"जा. मी शर्ट इस्त्री करतो आज."

म्हणजे त्यांना उद्योग नव्हता. दर रविवारी चार वाजता असायचा. साडेतीनपासूनच ते खुर्ची पुढे-मागे करत, चष्मा पुसत, हेडफोनची वायर सरळ करत, आणि चारला पाच मिनिटं असताना भिंतीपलीकडून त्यांची हाक येई, "वैद्यबुवा, निघायचं का?" दोन खोल्यांत दोघं बसत. मधल्या भिंतीतून बाबांचा आवाज आधी येई आणि अर्ध्या सेकंदानं तोच आवाज हेडफोनमधून. पहिल्या महिन्यात तिला त्याचा त्रास झाला होता. मग सवय झाली, इतकी की कधी बाबा झोपेत बडबडले तरी ती नकळत त्या दुसऱ्या आवाजाची वाट बघत राही.

खेळ साधा होता. चौघांची टीम, भुयार, आणि एकाखाली एक असे तळ. प्रत्येकानं एकेक भूमिका घ्यायची आणि जसजसे पॉइंट मिळतील तसतसे ते आपल्या गुणांत टाकायचे — ताकद, वेग, नेम, औषध, उजेड. एकदा टाकलेला पॉइंट परत काढता येत नाही. ढाल पुढे चालायचा, सगळ्यांचे घाव अंगावर घ्यायचा. एरवी तो शहर बसचा ड्रायव्हर होता आणि त्याचं म्हणणं होतं की दोन्ही कामं एकच आहेत. तिरंदाज लांबून मारायची. ती पाळणाघर चालवायची. ही स्वतः वैद्य. काही मारायचं नाही, फक्त कोण किती जखमी आहे ते बघायचं आणि भरून काढायचं. आणि बाबा — दिवट्या, मशाल धरणारा.

दिवट्या त्यांना तिनं केलं होतं. चौदा महिन्यांपूर्वी, आई गेल्यावर ते तिच्याकडे राहायला आले तेव्हा, रविवारची दुपार त्यांना खायला उठते म्हणून. पहिल्या आठवड्यात बाबा तलवार घेऊन भिंतीवर आपटत होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ढालीला मागून भोसकलं आणि "अहो, सॉरी हं, तुम्ही वळलात मध्येच" म्हणाले. तिरंदाज हसून हसून खोकली होती. पण ढाल गप्प होता, आणि तो गप्प झालेला तिला दिसला. मग एका सकाळी बाबा आंघोळीला गेले असताना ती त्यांच्या खुर्चीत बसली, त्यांचं जुनं पात्र पुसलं, नवं केलं, आणि ढालीनं आपल्या शिलकीतून उदारपणे देऊ केलेले सगळेच्या सगळे पॉइंट एकाच रकान्यात टाकले. उजेड — शंभरपैकी शंभर. बाकी सगळीकडे शून्य. असा माणूस मारू शकत नाही, पळू शकत नाही, दार उघडू शकत नाही. तो फक्त चाळीस पावलांपर्यंतचा अंधार हटवतो, आणि मध्येमध्ये उभा राहून कुणाच्या पायात येत नाही.

"फार अवघड भूमिका आहे, बाबा," ती म्हणाली होती. "कुणी घ्यायलाच तयार होत नाही."

दोन्ही वाक्यं खरी होती. त्याचंच तर...

लॅबमध्ये ती खरंच गेली. कुणी विचारणार नव्हतं, कुणी बघणार नव्हतं, तरी गेली, कारण सकाळी जे तोंडातून गेलं त्यातला निदान अर्धा भाग तरी खरा करून ठेवावा असं वाटलं. रविवारी तिथं फक्त फ्रीजची घरघर असे. तिनं काप काढायच्या यंत्रावरचं कापड उचललं, थंड ट्रेमधला एक मेणाचा ठोकळा घेतला, पकडीत बसवला, आणि चाक फिरवायला लागली. मेणाच्या आत कुणाच्या तरी पोटातला वाटाण्याएवढा तुकडा होता. चार मायक्रॉन जाडीचे काप पात्यावरून एकाला एक चिकटून पट्टीसारखे निघत होते. ती ते ब्रशच्या टोकानं उचलून कोमट पाण्यावर सोडत होती, सुरकुत्या गेल्या की काचेवर घेत होती. अकरा वर्षं ती हेच करत होती. तुकड्यात काय आहे हे डॉक्टर बघत. तिचं काम होतं ते बघता येईल इतकं पातळ करायचं... आणि त्या कामात तिच्याइतका हात या इमारतीत कुणाचा नव्हता, हे तिला ठाऊक होतं, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं हेही.

पाच काचा झाल्या. तिनं घड्याळ बघितलं. अठ्ठावीस मिनिटं. बरं, म्हणजे 'लॅबमध्ये गेले होते' हे आता खरं झालं. तिनं पातं पुसलं, कापड घातलं, आणि तेवढ्यात मनात आलं, हे मी कुणासाठी करतेय? बाबांना तर हे कधी कळणार नाही. मग हा हिशेब कोणापुढे मांडायचाय?

गुरुवारी ढालीचा मेसेज आला तेव्हाही ती याच खुर्चीत होती. 'वैद्यबाई, एक विचारू का? रागावू नका. सातवा तळ या रविवारी शेवटचा उघडा आहे, मग बंद. तीन वेळा आपण दारात मेलोय. माझ्या ओळखीत एक तलवार आहे, दातांचा डॉक्टर आहे, हात चांगला आहे. फक्त या वेळी. काकांना काहीतरी सांगून बघा ना. काकांबद्दल माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला माहीत आहे.' माहीत होतं. बाबांनी हातानं काढलेला तिसऱ्या तळाचा नकाशा ढालीनं आपल्या बसमध्ये, ड्रायव्हरच्या डोक्याच्या वर चिकटवला होता. प्रवासी विचारत, हा कुठला रूट? मेसेज वाचताना पाण्यावर एक काप तरंगत होता आणि तो जास्त वेळ ठेवला तर फाटतो, म्हणून तिनं घाईनं एका हातानं 'चालेल' लिहिलं आणि काप उचलला. काप चांगला आला.

चालेल. काप वाचवायचा होता हे कारण नव्हतं. गुरुवारपासून ती स्वतःला तेच सांगत होती, पण नव्हतं. काप नसता तरी तिनं तेच लिहिलं असतं, कदाचित आणखी लवकर.

पाळणाघर रविवारी रिकामं असे. दारालगत खुंट्यांची रांग, प्रत्येक खुंटीवर एकेका प्राण्याचं चित्र. हत्तीच्या खुंटीवर कुणाचातरी विसरलेला एक मोजा. तिरंदाजनं दोन लॅपटॉप बुटक्या टेबलावर मांडले होते आणि दोघी गुडघे हनुवटीशी घेऊन पिवळ्या, लाल खुर्च्यांवर बसल्या.

"काकांना काय सांगितलंस?"

"दुरुस्ती."

"आणि त्यांनी मानलं?"

"पाइप फुटला असेल म्हणाले."

तिरंदाज हसली, मग तिनं हिच्याकडे बघितलं आणि हसू गिळलं. "एकदाच तर आहे," ती म्हणाली. "एवढं तोंड पाडून बसू नकोस, माझ्या पोरांनाही असंच समजवावं लागतं मला. आणि चार महिने आपण करतोच आहोत ना त्यांच्यासाठी?"

हो. करतोच आहोत.

चार महिन्यांपूर्वी खेळ बदलला होता. बनवणाऱ्यांनी प्रत्येक पात्राच्या कपाळावर एक दिवा दिला. फुकट, कायमचा, एक बटण दाबलं की भुयार लख्ख. त्या दिवसापासून दिवट्याची गरज संपली. जगभरातल्या दिवट्यांनी म्हणे तक्रारी केल्या, मग पात्रं पुसून नवी केली. बाबांना यातलं काहीच कळलं नाही, कारण खेळातल्या सूचना बारीक इंग्रजीत येत आणि बाबांचा कॉम्प्युटर तीच अद्ययावत करून देई. त्या रात्री तिनं त्यांच्या पडद्यावरचं दिव्याचं चिन्ह सेटिंगमध्ये जाऊन लपवलं आणि बाकी दोघांना लिहिलं, 'काकांसमोर कुणी दिवे लावू नका. प्लीज.' दोघांनी लगेच होकार दिला. तिला किती बरं वाटलं होतं तेव्हा! आपण काहीतरी वाचवलं, चांगली माणसं जोडली... तेव्हापासून दर रविवारी तिघं जण कपाळावरचे दिवे विझवून अंधारात उभे राहत, आणि बाबा मशाल पेटवून म्हणत, "चला. माझ्या मागेमागे या. डावीकडे खड्डा आहे."

आणि एकदा तिरंदाजचं बोट चुकून दिव्याच्या बटणावर पडलं होतं. सगळी गुहा छतापर्यंत उजळली. मग बाबांचा आवाज, आधी भिंतीतून, मग कानातून: "अरे वा! आज माझा उजेड काय सुरेख पडलाय." तिघांनी एकाच वेळी आपापले माइक बंद केले. ढालीचं तिला माहीत नव्हतं, तिरंदाजचं नंतर कळलं — पण ती स्वतः हसली होती. तोंडावर उशी दाबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भिंतीच्या अलीकडे.

"आलात का सगळे?" हेडफोनमध्ये ढाल म्हणाला. "हे आमचे डॉक्टर. तलवार."

"नमस्कार," तलवार म्हणाला, आणि त्यानंतर जवळजवळ काही बोलला नाही.

चौघांनी दिवे लावले. चार पांढरे झोत, आणि मध्ये ती सातव्या तळाची पायरी, जिथं ते तीनदा मेले होते. तिनं आधी ठरवलं होतं की आपण नीट खेळायचं पण त्यात जीव ओतायचा नाही. तेवढं तरी बाबांचं राखायचं. पहिली दहा मिनिटं तिला ते जमलं. डाव्या हाताला खड्डा आला, आणि तो दिसत होता, कुणी सांगायची गरज नव्हती. ती त्याच्या कडेनं गेली. मग वरून दगड कोसळले, ढाल निम्मा संपला, तिनं त्याला भरलं, तिरंदाज ओरडली, तिला भरलं, तलवार विजेसारखा उजवीकडून घुसला आणि त्याला काहीच लागलं नाही. आणि मग ती उरलीच नाही कुठे, फक्त तिची बोटं होती आणि चार पट्ट्या, कुठली लाल होतेय आणि कुठली हिरवी, कोणाला आधी आणि कोणाला अर्ध्या सेकंदानं... इतक्या बरोबर, इतक्या जुळून चाललेल्या चार माणसांबरोबर ती कधी खेळलीच नव्हती. एरवी तिचा अर्धा जीव त्या मशालवाल्याकडे असे. तो मागे राहिला का, कडेला गेला का, त्याला काही चावलं तर तो दोन घावांत मरेल. आज तो भार नव्हता. हलकं वाटत होतं. छान वाटत होतं. सातव्या तळाचा तो अवाढव्य राखणदार गुडघ्यांवर आला तेव्हा ती ओरडली, त्या बुटक्या खुर्चीवरून उठून उभी राहत, लहान मुलीसारखी: "मेला! मेला!"

ढाल तिकडे बसचा हॉर्न वाजवल्यासारखा आवाज तोंडानं काढत होता. तिरंदाजनं तिला मिठी मारली. आणि त्या मिठीतून, तिच्या खांद्यावरून, तिला पडद्याचा कोपरा दिसला.

ओळखीच्या खेळाडूंची यादी. तिरंदाज, ढाल, तलवार... आणि खाली एक हिरवा ठिपका. दिवट्या. पुढे बारीक अक्षरांत, आत येऊन एकोणीस मिनिटं.

ती बघत असतानाच ठिपका राखाडी झाला.

"काय झालं?"

"बाबा आले होते."

"कुठे?" तिरंदाजनं दाराकडे बघितलं, मग पडद्याकडे. "अगं बाई. त्यांना दिसतं का, आपण चौघं एकत्र आहोत ते?"

"दिसतं. सगळी नावं दिसतात, कुठल्या तळावर आहोत तेही."

"काही लिहिलं का त्यांनी?"

"नाही."

"मग कदाचित लक्षात नसेल आलं."

एकोणीस मिनिटं. म्हणजे राखणदार समोर आला त्याच्या आधीपासून. आणि त्या एकोणीस मिनिटांत मला बाबा आहेत हे एकदाही आठवलं नाही. खोटं बोलण्याचं काय, ते माणूस बोलतो, त्याला कारणं देता येतात. पण ते हलकं वाटणं... त्याला काय कारण देणार?

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी किल्लीनं नाव कोरलं होतं, वेडंवाकडं, आणि तिला वाटलं बाबा असते तर म्हणाले असते, घाई केलीय यानं. अक्षरांबद्दल ते असंच बोलत. एकतीस वर्षं त्यांनी नकाशांच्या कचेरीत फक्त नावं लिहिली होती. रेषा दुसरे काढत, रंग तिसरे भरत. गावांची, नद्यांची, डोंगरांची नावं बाबा लिहीत. नदीचं नाव नदीच्या वळणाबरोबर वळलं पाहिजे आणि तरी वाचता आलं पाहिजे. मग तिथं मशीन आलं. याचं बाबांना दुःख झालं असेल असं तिला लहानपणी वाटे, पण तसं नव्हतं. मशीन आलं त्या दिवशी ते जेवणाची सुट्टी सोडून ते बघत उभे राहिले होते. "फार सुंदर काम होतं गं त्याचं," ते सांगत, "एक 'ळ' सोडला तर." दुःख पुढेच होतं. साहेब भला माणूस होता. त्यानं बाबांना टेबलावरून उठवलं नाही. रोज दोन नकाशे द्यायचा, नावं लिहायला. दीड वर्षानं टाचण्यांची डबी शोधताना बाबांनी मागचं कपाट उघडलं, आणि त्यात त्यांचे सगळे नकाशे होते, तारीखवार, कुठेच न गेलेले.

ही गोष्ट त्यांनी तिला एकदाच सांगितली होती, आणि एकच वाक्य त्यावर बोलले होते: "काम नाही म्हणाला असता तर मी घरी जाऊन झोपलो असतो."

आणि हे सगळं माहीत असताना मी... बस सिग्नलला थांबली. माहीत असताना मी चार महिने रोज दोन नकाशे देत राहिले. तो साहेब तरी परका होता.

उतरेपर्यंत तिनं ठरवलं होतं, सांगायचं. जिना चढताना वाक्यं जुळवली. पहिल्या मजल्यावर ती फार लांब होती, दुसऱ्यावर तिनं ती छाटली, आणि दारात पोचली तेव्हा एकच उरलं होतं.

बाबा इस्त्री करत होते. टेबलावर घोंगडीची घडी, वर चादर, बाजूला चार शर्ट हँगरला आणि पाचवा अंथरलेला. खोलीत गरम सुती कापडाचा वास होता.

"आलीस? झालं काम?"

"बाबा, लॅबमध्ये मी अर्धाच तास होते."

"बरं."

"खेळ बंद नव्हता आज. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

बाबांनी कॉलर उलटी केली, टोकाकडून मध्याकडे इस्त्री नेली. "माहीत आहे मला," ते म्हणाले. "बघितलं ना मी. म्हटलं, दुरुस्ती चालू असताना आत कसं दिसतं ते बघावं एकदा. कामगार दिसतात का, शिड्या-बिड्या लावल्यात का... आत गेलो तर सगळं जागच्या जागी. मग तुमची नावं दिसली."

"रागावलात?"

"रागावलो की. चांगला पाऊण तास रागावलो. मग शर्ट दिसले समोर." त्यांनी शर्ट फिरवला. "सातवा तळ होता ना? झाला?"

"झाला."

"अरे!" ते थांबलेच. चेहरा उजळला, आणि त्यात काही आणलेलं, चिकटवलेलं नव्हतं. "झाला? खरंच? ढालीला किती आनंद झाला असेल. चौथा कोण घेतलात?"

"एक तलवार आहे. दातांचा डॉक्टर. बोलत नाही फारसा."

"अशी माणसं कामाला बरी." मग जरा वेळानं, बाहीकडे बघत, "सरळ सांगायचं होतंस गं. मी काय गडाबडा लोळणार होतो? पुढच्या रविवारी मला घ्या म्हणजे झालं."

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलंच. पण आता पुरे."

पुरे. इतकंच होतं तर. तिच्या खांद्यांतून काहीतरी निसटलं, बस इतकंच, तीन दिवस छातीवर बसलेलं ते... ती खुर्चीवर टेकली, चप्पल पायानंच काढली. आणि दुसरी चप्पल काढता काढता तिच्या लक्षात आलं की हलकं वाटतंय. पुन्हा. तसंच, दुपारसारखंच. तिनं सांगितलं होतं ते आजचं होतं. एका दुपारचं, जे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघून ठेवलेलंच होतं. माफी मिळाली ती त्याची. जे त्यांनी बघितलं नव्हतं ते तसंच होतं, आता तर या माफीच्या खाली आणखी नीट झाकलेलं, आणि ते झाकायलाच तर तिनं हे लहान खोटं इतक्या तत्परतेनं पुढे केलं नव्हतं ना? पुढच्या रविवारी घ्या. म्हणजे आज जेवणाआधी त्या दोघांना पुन्हा लिहावं लागेल... तलवारीलाही समजवावं लागेल, की कधी गाठ पडलीच तर काकांसमोर...

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. प्लग काढला, वायर गुंडाळायला घेतली, आणि मध्येच हात थांबवून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"पण मग," ते म्हणाले, "उजेड कोणी धरला?"

उत्तर तयार होतं. तेच तिला आधी जाणवलं, की ते तिनं शोधलंच नाही, जिभेवर आलेलंच होतं: अंधारातच गेलो, बाबा, फार धडपडलो, ढाल दोनदा खड्ड्यात पडला. आकड्यासकट. ऐकून ते सुखावले असते. "तरी म्हटलं," असं म्हणाले असते.

तिनं वर बघितलं. बाबा वायर हातात धरून वाट बघत होते, आणि त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. आशेनं बघणाराही नव्हता. एखाद्या पुलाखालून जाताना ते जसे विचारत, पाण्यात खांब कसा उभा केला असेल गं, तसा होता तो. त्यांना कळून घ्यायचं होतं. माझ्याशिवाय कसं जमवलंत, हे त्यांना खरोखर, कामातल्या माणसासारखं, कळून घ्यायचं होतं. त्या चेहऱ्यात जपण्यासारखं, फुटण्यासारखं असं कुणी तिला सापडेना. ती शोधत राहिली. चार महिने — चौदा महिने — ज्याच्यासाठी तिनं हे सगळं केलं तो मऊ, हळवा, दोन घावांत मरणारा म्हातारा... तो या खोलीत नव्हता. तो तिनं एका सकाळी, हे आंघोळीला गेले असताना, बसून तयार केला होता. बाकी सगळीकडे शून्य.

मग माझं काय होतं त्यात? कोणी जखमी असल्याशिवाय मला दुसरं काय येतं?

"सांग की," बाबा म्हणाले. घाई नव्हती त्यांना.

तिनं तोंड उघडलं. ते तयार उत्तर अजून तिथंच होतं, आणि त्याच्या मागे दुसरं, जे तिनं कधी जुळवून बघितलं नव्हतं. आणि तिला वाटलं, आता यातलं जे बाहेर पडेल, ते बाबांना कळेल तेव्हाच आपल्यालाही पहिल्यांदा कळणार आहे.